युवा महोत्सवातलं समूहगान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून संपत आला की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर 'समूहगानासाठी नावे द्यावीत' अशी चिठ्ठी लागते आणि माझ्या फोनवर दरवर्षीचे प्रश्न सुरू होतात. कॉलेजात असताना मी तीन वर्षं मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात समूहगान गायले. त्यानंतर वेगवेगळ्या कॉलेजांचे गट तयार करायला जाते आहे. तीच उत्तरं दरवर्षी तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. यात भारतीय समूहगानाबद्दल जास्त आहे, पाश्चात्त्य समूहगानाबद्दल थोडं.

सहा जणांनी एक गाणं एकत्र म्हटलं की झालं ना समूहगान?

शाळेच्या प्रार्थनेत चाळीस मुलं एकत्र गातात. कुणी पुढे पळतं, कुणी मागे रेंगाळतं, कुणाचा गळा सगळ्यांच्या वर चढतो. प्रार्थनेला त्याने काही बिघडत नाही. समूहगानात मात्र डोळे मिटून ऐकणाऱ्याला किती जण गाताहेत ते मोजता येता कामा नये. त्यासाठी गळ्याइतकाच कान लागतो, आणि तयारीचा बहुतेक वेळ कानावरच जातो.

माझी कसोटी साधी आहे. गाताना शेजारच्याचा आवाज तुम्हाला स्वतःच्या आवाजाइतका स्वच्छ ऐकू येतो का? येत नसेल तर तुम्ही जास्त जोरात गाताय. चांगल्या गळ्याच्या मुलांना हे सगळ्यांत जड जातं, कारण लहानपणापासून त्यांना 'मोकळं गा, पुढे ये' हेच सांगितलेलं असतं.

लोकलमधली भजनी मंडळं ऐकली असतील. सकाळच्या गाडीत, रुळांच्या खडखडाटात, उभं राहायला जागा नसताना ती माणसं टाळांवर एकत्र गातात आणि समेवर एकत्र येतात. रोज त्याच डब्यात, त्याच माणसांचं ऐकून ऐकून त्यांचे श्वास जुळलेले असतात. नव्या गटाला मी पहिल्या आठवड्यात हेच काम देते: डब्यात भजन लागलं तर कानातले हेडफोन काढा आणि उतरेपर्यंत ऐका.

स्पर्धेचा प्रवास कसा असतो?

मुंबई विद्यापीठाची हद्द मुंबई शहर आणि उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत पसरलेली आहे. त्यामुळे आधी विभागवार प्राथमिक फेऱ्या होतात आणि त्यातून निवडलेले गट अंतिम फेरीत येतात. पुढे विद्यापीठाचा संघ राज्यातल्या आंतरविद्यापीठ 'इंद्रधनुष्य' महोत्सवात उतरतो. भारतीय विश्वविद्यालय संघाचा म्हणजे एआययूचा विभागीय आणि त्यानंतर राष्ट्रीय युवा महोत्सव, हा दुसरा टप्पा. आपल्या विद्यापीठाचा महोत्सव पन्नाशी ओलांडून गेला आहे. कित्येक कॉलेजांत आज शिकवणारे प्राध्यापक एकेकाळी याच मंचावर गायलेले आहेत. त्यांना विचारा, ते आनंदाने मदत करतात.

नियम थोडक्यात सांगाल का?

एआययूच्या नियमांप्रमाणे गायक जास्तीत जास्त सहा, साथीदार जास्तीत जास्त तीन. गाणी दोन, भारतीय भाषांतली: एक देशभक्तीपर, एक लोकगीत. वेळ दहा मिनिटं. मंचावर मांडामांड करायला वेगळी चार मिनिटं. चित्रपटगीत चालत नाही. स्पर्धक विद्यार्थी असावा आणि त्याला पंचवीस पूर्ण झालेली नसावीत. नाव देण्याआधी त्या वर्षीचं परिपत्रक कॉलेजच्या सांस्कृतिक विभागातून मागून स्वतः वाचा. गेल्या वर्षी कुणी काय सांगितलं होतं त्यावर विसंबू नका.

दहा मिनिटं म्हणजे दहाच. आमच्या दुसऱ्या वर्षी लोकगीताचं शेवटचं धृपद रंगात आलं म्हणून आम्ही ते एकदा जास्त घेतलं. टाळ्या भरपूर मिळाल्या, निकालात नाव नव्हतं. तेव्हापासून माझे गट साडेआठ मिनिटांवर थांबतात. मंचावर लय थोडी इकडे-तिकडे होतेच, उरलेलं दीड मिनिट तिच्यासाठी.

मी गाणं शिकलेलो नाही. मला घेतील का?

सुरात असाल आणि ताल धरता येत असेल तर जरूर. मी दोन गोष्टी बघते. मी गायलेली ओळ तशीच परत म्हणता येते का, आणि शेजारी दुसऱ्याने वेगळी ओळ गायली तरी आपली ओळ टिकते का. दुसऱ्या परीक्षेत विशारद झालेली मुलंही कधीकधी घसरतात आणि गणपतीत आरत्या म्हणून तयार झालेला एखादा मुलगा सहज टिकतो. ताना, हरकती अशी गळ्याची कलाकुसर ही इथे मोठी जमेची बाजू नाही. सहा जणांना एकसारखी घेता येईल तेवढीच हरकत गाण्यात ठेवायची असते.

मुलगे आणि मुली एकत्र असतील तर पट्टी कोणती घ्यायची?

सगळ्यांत जास्त गट इथेच अडकतात, म्हणून सविस्तर लिहिते. पट्टी म्हणजे पेटीवर (हार्मोनियमवर) आपला सा, म्हणजे षड्ज, जिथे धरायचा ती जागा. काळी एक म्हणजे सप्तकातली पहिली काळी, पांढरी चार म्हणजे चौथी पांढरी. खालचं सप्तक मंद्र, मधलं मध्य, वरचं तार.

मुलगे साधारण काळी एक, काळी दोनमध्ये मोकळे गातात. मुली काळी चार, काळी पाचमध्ये. म्हणजे दोघांत जवळपास पंचमाचं, सा ते प एवढं, अंतर. यातून मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट मधल्या पट्टीची: पांढरी चार किंवा काळी तीन. चालीचा पल्ला मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंतच असेल तर हे निभतं. चाल मंद्रात उतरली की मुलींचा आवाज पुसट होतो, तार गंधाराच्या (ग) वर गेली की मुलग्यांच्या मानेच्या शिरा दिसायला लागतात. बहुतेक गट हीच वाट धरतात आणि पहिल्या अंतऱ्यात थकतात.

दुसरी वाट गाणं वाटून घेण्याची. पट्टी काळी एक ठेवा. धृपद मुलग्यांनी मध्य सप्तकात म्हणावं, वर चढणारा अंतरा मुलींनी घ्यावा, शेवटी सगळे एकत्र. लोकगीतात सवाल-जवाब असतोच, त्यामुळे ही वाटणी तिथे ओढूनताणून आणलेली वाटत नाही. माझी आवडती वाट हीच.

तिसरी वाट जरा विद्येची आहे. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. मुलग्यांच्या पंचमालाच मुलींनी आपला षड्ज मानायचा आणि तीच चाल तिथून गायची. एक धृपद मुलग्यांचं, पुढचं मुलींचं, असं आलटून पालटून हे फार सुंदर लागतं. धोका एकच: पंचमावरून शुद्ध सुरांची चाल गायली की तिच्या निषादाच्या (नी) जागी मूळ पट्टीतला तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, येतो. मुलग्यांचा शुद्ध मध्यम आणि मुलींचा तीव्र मध्यम एकाच वेळी आले की कानाला टोचतं. चाल भूप रागासारखी असेल तर ही अडचण येत नाही, कारण भूपात निषादच नाही. गाणं निवडताना हा विचार आधी करा.

आणि ठरलेली पट्टी पेटीवाल्याच्या वहीत लिहून ठेवा. सरावाला एक आणि मंचावर दुसरीच पट्टी लागल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरा आवाज, म्हणजे हार्मनी, घातलाच पाहिजे का?

घातलाच पाहिजे असं नाही. आधी सहा जणांचा एक सूर लागू दे. तो लागल्यावर एकाने षड्ज धरून ठेवणं आणि बाकीच्यांनी त्यावर चाल म्हणणं, एवढ्यानेही अंगावर काटा येतो. त्यापुढे धृपदाच्या शेवटच्या ओळीत एखादी समांतर ओळ घालावी. पूर्ण गाणंभर दोन-तीन पदर ठेवले की शब्द कळत नाहीत, आणि आपल्या गाण्यात शब्द कळलेच पाहिजेत.

देशभक्तीपर गाणं कसं निवडायचं?

आधी एक तक्रार. दहातले आठ गट देशभक्ती म्हणजे मोठा आवाज असं समजून गातात. सभागृहात एका दुपारी ओळीने वीस गट ऐकले की कान बधिर होतात, आणि मग एखादा गट हळू सुरुवात करतो तेव्हा सगळं सभागृह सरसावून बसतं. ज्या कवितेत माणसं आहेत, शेत आहे, घाम आहे, अशी कविता शोधा. चाल नवी बांधलेली असेल तर उत्तमच. कवी हयात असेल तर परवानगी मागा. बहुतेक जण आनंदाने देतात.

मुंबईच्या पोरांना यासाठी लांब जायची गरज नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, म्हणजे १ मे १९६०पर्यंत, याच शाहिरांनी गिरणगाव जागं ठेवलं. तिकडे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने समूहगीतं गावोगावी नेली. संगीतकार सलील चौधरींनी बॉम्बे युथ कॉयर हा गायकवृंद मुंबईतच बांधला. चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या गेटवर गाणाऱ्याचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचला नाही तर गाणं फुकट जायचं, म्हणून शाहिरीत शब्द आधी, चाल त्याच्या मागून. तुम्ही कोणतंही गाणं घ्या, ही रीत ठेवा: आधी चालीशिवाय, नुसतं तालात वाचा. सहाही जणांचं वाचन एकत्र पडलं की मग गा.

लोकगीत कुठून आणायचं? मोबाइलवर हजारो आहेत.

तिथेच फसगत होते. 'पारंपरिक लोकगीत' असं नाव देऊन टाकलेली कित्येक गाणी कुणा कवी-संगीतकाराने ध्वनिमुद्रिकेसाठी केलेली असतात, काही तर थेट सिनेमातली असतात. सिनेमातलं निघालं तर नियमाने बाद. निघालं नाही तरी तेच गाणं आणखी चार गट घेऊन आलेले असतात.

आपल्या विद्यापीठाच्या सात जिल्ह्यांकडे बघा. कोळीवाड्यातली गाणी आहेत. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण विधी गाऊन लावते, ते धवले आहेत. वारल्यांची लग्नगीतं आहेत. रत्नागिरीकडे जाखडी आणि नमन आहे, शिमग्याची गाणी आहेत. मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती, घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणताना म्हणायची गाणी आहेत. घाटावरच्या घरातून आलेली मुलं असतील तर गोंधळ, भारूड, वासुदेव, ओव्या, भोंडला. तुमच्या सहा जणांत नक्कीच कुणाची तरी आजी यातलं काही म्हणत असणार. आधी तिला फोन करा.

एका वर्षी गटातल्या उरणच्या मुलीने आजीचा धवला फोनमध्ये रेकॉर्ड करून आणला. चाल जेमतेम चार सुरांची. मुलं म्हणाली, यात काय गाणार? तीन आठवडे आम्ही त्यात एक सूर वाढवला नाही. फक्त आजी जिथे श्वास घेते तिथेच सगळ्यांनी घ्यायचा, ती शब्द जसा ओढते तसाच ओढायचा, एवढंच केलं. आजी एका आवाजात गाते तेव्हा तिच्या मागून बायका धरतात, ते मागून धरणंही ठेवलं. सभागृहात पहिल्या ओळीनंतर खोकणारी माणसं गप्प झाली. बक्षीस मिळालं की नाही ते मला आता महत्त्वाचं वाटत नाही. त्या मुलीने आजीकडून नंतर आणखी अकरा धवले उतरवून घेतले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ज्यांच्या घरात असं कुणी नाही त्यांनी कालिना संकुलातल्या विद्यापीठाच्या लोककला अकादमीत जाऊन विचारावं. गाण्याबरोबर ते कधी म्हणतात, कोण म्हणतं, हेही विचारून घ्या. गोंधळ किंवा देवीचं गाणं घेणार असाल तर अंगात आल्याचा अभिनय करू नका. ज्यांच्या घरात ती श्रद्धा आहे त्यांना ते लागतं, आणि गाण्याला त्याची गरज नसते.

उच्चारांवर परीक्षक खरंच एवढं बघतात?

बघतात, आणि त्यांनी बघितलं नाही तरी आपण बघावं. मुंबईच्या गटात घरी गुजराती, हिंदी, कोकणी, तमिळ बोलणारी मुलं असतात आणि ती असावीत. त्यांना मराठीतले दोन 'च' आणि दोन 'ज' आधी दाखवा. 'चांदणं'मधला च वेगळा, 'चंद्र'मधला वेगळा. 'जग' म्हणजे विश्व तेव्हा ज एक, 'जग' म्हणजे जगायला लाग तेव्हा दुसरा. चुकीचा ज लागला की अर्थच पालटतो. ळ आणि ण यांच्यावर वेगळा अर्धा तास काढा. आणि शब्दाच्या शेवटचं व्यंजन सहा जणांनी एकाच क्षणी सोडायचं. 'रात', 'वाट' या शब्दांचा त, ट सहा वेळा टपटपला तर गट कच्चा आहे हे लगेच कळतं. गटातल्या एकाने बोटाची खूण करावी, पुढे खूण लागत नाही.

सराव पेटीवर करायचा की तानपुऱ्यावर?

पहिले दोन आठवडे तानपुऱ्यावर. मोबाइलमधला चालेल. पेटीचे सूर समान अंतरांवर बांधलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा जरासा चढा असतो. एकट्या गायकाच्या बाबतीत ते खपून जातं. सहा जणांनी गंधार लांबवला आणि तिघे पेटीच्या, तिघे तानपुऱ्याच्या गंधारावर असले तर सूर थरथरतो. कान तानपुऱ्यावर तयार झाला की मग पेटी घ्या आणि तिला मागे ठेवा.

चाल लिहून ठेवावी का?

ठेवा. सूर लिहायची भातखंडे लिपी एका दुपारीत शिकता येते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. पंडित भातखंडे मुंबईतच वाळकेश्वरला जन्मले, इथेच वाढले, आणि त्यांची लिपी आज देशभर चालते. कागद मंचावर नेऊ नका, पण कुणी आजारी पडून ऐनवेळी दुसरा आला तर तोच कागद गट वाचवतो.

सराव किती दिवस आणि कुठे?

सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, दीड तास. कॉलेज संध्याकाळी बंद होतं, सोसायटीत शेजारी तक्रार करतात, ही मुंबईची कायमची अडचण. सकाळी साडेसातचा रिकामा वर्ग सर्वांत चांगला. कर्जत-कसारा-विरारकडच्या मुलांना तेवढ्या लवकर पोचणं जड जातं. त्यांचा विचार करून वेळ ठरवा, नाहीतर ते गळतात आणि बहुधा तेच सर्वांत सुरेल असतात. रविवारी बोलवायचं असेल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघा.

पाश्चात्त्य समूहगानाला वेगळा गट लागतो का?

लागतो. तिथे सोप्रानो, ऑल्टो (मुलींचे वरचे आणि खालचे आवाज), टेनर, बेस (मुलग्यांचे वरचे आणि खालचे) असे पदर आणि प्रत्येकाची वेगळी ओळ. वांद्रे, वसई, गिरगावच्या चर्चमध्ये लहानपणापासून गाणारी मुलं यात तयार असतात. त्यांना आपल्या सरावाला एकदा बोलवा आणि त्यांच्या सरावाला तुम्ही जा. व्हिक्टर परंज्योती यांच्या नावाचा कोरस आणि कुमी वाडिया यांनी केलेलं त्याचं संचालन, हा मुंबईच्या समूहगानाचा मोठा वारसा आहे. तो फक्त ख्रिस्ती किंवा पारशी मुलांचा आहे असं समजणं म्हणजे आपलंच नुकसान.

साथीदार बाहेरचा घ्यावा का?

नियम परवानगी देत असला तरी मी विद्यार्थीच घेते. बाहेरचा ढोलकीवाला पट्टीचा असतो, पण शेवटच्या दोन सरावांना येतो आणि आपली लय लावून जातो.

पावसात वाद्यं कशी न्यायची?

प्राथमिक फेऱ्या ऐन पावसाळ्यात येतात. पेटी आधी चादरीत, मग प्लॅस्टिकमध्ये. गर्दीच्या वेळी लगेजच्या डब्यातून न्या आणि सोबत दोघं जा. ओल लागली की तबला-ढोलकीची कातडी सैल पडून सूर उतरतो, म्हणून वादकाने तासभर आधी पोचून वाद्य सुकू द्यावं आणि पुन्हा सुरात मिळवावं. कालिन्याला सांताक्रूझहूनही जाता येतं आणि कुर्ल्याहूनही. पाऊस मोठा असेल तर सगळे एकाच गाडीने न येता दोन वाटांनी या.

मंचावरची चार मिनिटं कशी वापरायची?

अर्धवर्तुळात उभे राहा, खांदे जवळजवळ लागतील इतके जवळ. मुलगे एका बाजूला, मुली एका बाजूला असं नको, एकमेकांचा आवाज ऐकू येईल असे मिसळून उभे राहा. माइक बेताचेच असतात. सगळ्यांत बारीक आवाज माइकजवळ, भरदार आवाज टोकांना. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या दादांना हात जोडून एकच विनंती करा: स्टेजवरच्या स्पीकरमध्ये पेटी कमी, आवाज जास्त. मग पेटीवर षड्ज घ्या, मनात पहिली ओळ म्हणा आणि सुरू करा.

कपडे?

एका रंगछटेचे, स्वच्छ, श्वास घेता येईल असे. भाड्याच्या नऊवारीवर पैसे घालवू नका.

आदल्या दिवशी घसा बसला तर?

गप्प बसा. कुजबुजणंही नको, त्यानेही गळ्याला ताण पडतो. सारखं खाकरू नका, पाणी पीत राहा, झोपा. दुसऱ्या दिवशीही आवाज लागला नाही तर गटाला स्पष्ट सांगा आणि त्या ओळी दुसऱ्याला द्या. पाच जण नीट गाऊ शकतात.

घरचे म्हणतात, गाण्यापायी एटीकेटी लागेल.

सरावाचं वेळापत्रक घरी लेखी द्या आणि त्या वेळेच्या बाहेर सराव करू नका. परीक्षा असलेल्या आठवड्यात मी कुणालाही बोलवत नाही. आईबाबांना एकदा सरावाला येऊन बसू द्या. माझ्या अनुभवात, एकदा येऊन गेलेले आईबाबा पुन्हा कधी नाही म्हणाले नाहीत.

स्पर्धा संपली की गट मोडतो. टिकवायचा कसा?

ठरलेला दिवस, ठरलेली जागा, आणि कुणी आलं नाही तरी आलेल्यांनी गायचं. आमच्या जुन्या गटातल्या आम्ही चौघी अजूनही महिन्याच्या पहिल्या रविवारी दादरला एकीच्या घरी भेटतो. दोघे आता मुंबईत नाहीत. त्यांच्या ओळी येतात तेव्हा आम्ही त्या कुणाला देत नाही, पेटी तेवढी वाजू देतो. मेगाब्लॉक असेल तर शनिवारी भेटतो.